कारुझोचा आवाज उपजत होता का?

प्रश्न थोडक्यात असा. वसईजवळच्या गावातला बावीस वर्षांचा मुलगा, चर्चच्या गायकवृंदात टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, गातो आणि दीड वर्षापासून पाश्चात्त्य पद्धतीनं आवाज शिकतोय. टेनरच्या वरच्या 'ला'पाशी, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी सहापाशी, त्याचा आवाज फुटतो. रोज रात्री तो इटालियन ऑपेरागायक एन्रिको कारुझोच्या ध्वनिमुद्रिका लावून त्याच्याबरोबर गातो, आणि शिक्षकांनी ते बंद करायला सांगितलंय. तो विचारतो, "टीचर, कारुझोला आवाज देवानंच दिला होता ना? मग आमच्यासारख्यांनी त्याच्या आयुष्यातून घ्यायचं तरी काय?"

तुझे शिक्षक बरोबर सांगताहेत. आणि तरी कारुझो ऐकणं सोडू नकोस.

बत्तीस वर्षं मी आवाज शिकवतेय. दर दोन-तीन वर्षांनी तुझ्यासारखा एक मुलगा माझ्याकडे येतो. कान तयार असतो, गळ्यात जीव असतो, पण तोंड उघडलं की जाड केलेला, उसना आवाज बाहेर पडतो. मी विचारते, "कुणाला ऐकतोस?" तो म्हणतो, "कारुझो." मी पुढे विचारते, "कोणत्या सालचा?" इथं सगळे गप्प होतात. यूट्यूबवर गाणं लावताना साल कोण बघतं! पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या सालांमध्येच आहे, म्हणून त्याचं आयुष्य जरा आवाजाच्या अंगानं सांगते.

जन्म नेपल्समधला, २५ फेब्रुवारी १८७३. वडील मार्चेल्लिनो कारखान्यात मेकॅनिक, घर गरीब. आईला एकवीस मुलं झाली आणि हा अठरावा, अशी गोष्ट तू वाचली असशील. ती खरी नाही. नोंदी तपासल्यावर भावंडं सात निघाली आणि हा तिसरा. अकराव्या वर्षी पोरगा कामाला लागला. काही काळ तो रस्त्यावरचे पाण्याचे कारंजे बनवणाऱ्या कारखान्यात होता. चर्चमध्ये गायचा. पंधरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे कॅफेंमध्ये गायला लागला, आणि दुसऱ्यांच्या प्रेयसींच्या खिडकीखाली उभं राहून चार पैशांसाठी प्रेमगीतंही म्हणायचा. म्हणजे गाण्याची आच होती, कान होता, जीभ नेपल्सची होती. पण ज्या आवाजाला आज जग कारुझो म्हणतं, तो आवाज तेव्हा नव्हता.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. गुल्येल्मो वेर्जिने नावाच्या शिक्षकाकडे त्याला नेलं, तेव्हा वेर्जिनेचं मत पडलं की हा आवाज खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालतो तसा आहे. वर्गात बसू दिलं, पण कोपऱ्यात. तिथं तो बाकीच्यांचं शिकणं ऐकत राहायचा. पुढे वेर्जिनेनं त्याच्याशी करार केला, कमाईतला चौथा हिस्सा पाच वर्षं मला द्यायचा. त्यातली मेख अशी की पाच वर्षं म्हणजे कॅलेंडरची पाच वर्षं नव्हेत, प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांची पाच वर्षं! प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ठरावीक रक्कम देऊन मिटलं. तरी एक श्रेय वेर्जिनेला द्यायलाच हवं. त्यानं या मुलाला आवाज ढकलू दिला नाही. लहान आवाज लहानच गाऊ दिला. तेवढं जरी शिक्षकानं केलं, तरी पुढच्या माणसाला काम करायला गळा शिल्लक राहतो.

रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला १५ मार्च १८९५ला, नेपल्सच्या तेआत्रो नुओवोत. मारिओ मोरेल्ली नावाच्या संगीतकाराचा एक ऑपेरा होता, आज कुणाला त्याचं नावही आठवत नाही. मग काझेर्ता, सिसिली, लहानसहान थिएटरं. त्या दिवसांतला त्याचा एक फोटो आहे. खांद्यावरून रोमन माणसासारखं पांढरं वस्त्र घेतलेला तरुण. वस्त्र म्हणजे पलंगावरची चादर, कारण असलेला एकमेव शर्ट धुवायला टाकला होता. तो फोटो मी माझ्या शिकवणीच्या खोलीत लावलाय.

आता तुझी दुखती जागा. या काळात कारुझोचा आवाज वर फुटायचा. पांढरी सहाला आणि काळी पाचला, भर प्रयोगात, लोकांसमोर फुटायचा. तुझा जिथं फुटतो तिथंच. 'तोकडा टेनर' म्हणतात तशातला तो होता, वरचं टोक नसलेला. खालचे आणि मधले स्वर इतके भरदार की काहींना वाटायचं, हा मुळात बॅरिटोनच, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या आवाजाचा गायक, असावा.

हे का होतं ते समजून घे, कारण नुसतं 'वर जात नाही' म्हणून रडण्यात अर्थ नाही. टेनरच्या गळ्यात साधारण पांढरी तीन ते काळी तीन या पट्ट्यात एक उंबरठा असतो. इटालियनमध्ये त्याला पासाज्जो म्हणतात, वाट बदलायची जागा. खालच्या स्वरांत स्वररज्जू जाड राहून कंप पावतात. तसंच जाडपण घेऊन वर चढत गेलं, की एका टप्प्यावर त्यांना तो ताण झेपत नाही आणि आवाज फाटतो किंवा पोकळ होऊन निसटतो. म्हणून उंबरठ्याच्या एक-दोन स्वर आधीपासूनच आवाज सडपातळ करायचा, 'आ'ला किंचित 'ओ'ची गोलाई द्यायची, जबडा सैल ठेवायचा आणि श्वास सोडायची घाई करायची नाही. ऐकायला सोपं आहे. अंगात मुरायला वर्षं जातात. आपल्याकडे खर्जाचा रियाज जसा तार सप्तकासाठी पाया घालतो, तसं इथं मधल्या सप्तकातलं हलकं काम वरच्या स्वरांना वाट करून देतं.

हे काम त्याच्याकडून करून घेतलं ते विन्चेन्झो लोंबार्दी या संगीत-संचालकानं. सालेर्नोला प्रयोग चालू असताना लोंबार्दीनं त्याच्या वरच्या स्वरांवर मेहनत घेतली. म्हणजे वय चोवीसच्या आसपास, पदार्पण होऊन गेलेलं, आणि वरचे स्वर आत्ता कुठे घडताहेत! तू बावीसचा आहेस. हिशोब तूच कर.

१८९७च्या उन्हाळ्यात लिव्होर्नोला 'ला बोएम' या ऑपेरातल्या रोदोल्फो या नायकाच्या भूमिकेचा प्रश्न आला, तेव्हा तो त्याचा संगीतकार पुच्चीनी याला गाऊन दाखवायला तोर्रे देल लागोला गेला. त्या भूमिकेच्या मोठ्या गाण्यात वरचा 'दो' येतो, पांढरी एक. कारुझो ते गाणं पुष्कळदा अर्धा स्वर खाली घेऊन गायचा, आणि पुच्चीनीची त्याला हरकत नव्हती. संगीतकाराला त्या एका स्वरापेक्षा बाकीचं सगळं गाणं हवं होतं. माझे विद्यार्थी हे ऐकून नाराज होतात, त्यांना ती लबाडी वाटते. मला वाटत नाही. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याची पट्टी धरून बसतो, त्याला आपण लबाड म्हणतो का?

इथून चढण सुरू झाली. १७ नोव्हेंबर १८९८ला मिलानच्या तेआत्रो लिरिकोत जोर्दानोच्या 'फेदोरा'चा पहिला प्रयोग झाला आणि त्यातल्या त्याच्या छोट्याशा गाण्याला वन्स मोअर मिळाला. मग सेंट पीटर्सबर्ग, ब्युनॉस आयरिस. २६ डिसेंबर १९००ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात पदार्पण, समोर वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी. तालमींत कारुझो आवाज राखून गात होता आणि तोस्कानिनीला प्रत्येक वेळी पूर्ण आवाज हवा होता. पहिल्या रात्री तो थकलेला, आजारी आणि जेमतेम होता. दोन महिन्यांत त्याच थिएटरात दोनिझेत्तीच्या 'लेलिझिर दामोरे'नं त्यानं सगळं भरून काढलं. मात्र तेच काम घेऊन १९०१च्या डिसेंबरअखेर तो आपल्या गावी, नेपल्सच्या सान कार्लोत गेला, तेव्हा तिथल्या जाणकार म्हणवणाऱ्यांनी त्याचं थंडं स्वागत केलं. कारुझोनं ठरवलं, या गावात पुन्हा गायचं नाही. आणि खरंच पुढची वीस वर्षं जगभर गाऊनही तो नेपल्समध्ये कधी गायला नाही. हे मला दर वेळी लागतं. ज्या गल्ल्यांनी त्याला गाणं दिलं, त्या गल्ल्यांना त्याचा तयार आवाज ऐकायला मिळाला तो तबकडीवरच.

आणि तबकडीचीच गोष्ट आता. ११ एप्रिल १९०२, मिलानमधल्या ग्रँड हॉटेलची एक खोली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग तिथं यंत्र मांडून बसला होता. ठरलं होतं दहा गाणी आणि शंभर पौंड. गाइसबर्गनं पुढे लिहून ठेवलंय की लंडनहून तार आली, एवढे पैसे देऊ नका, आणि त्यानं ती मानली नाही. मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. भिंतीपाशी एक पत्र्याचा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. कर्ण्यात तोंड घालून गायचं. मोठा स्वर आला की मागे सरकायचं, हळू असेल तेव्हा पुढे यायचं. मागे एकटा पियानो. ती दहा गाणी एका दुपारी उरकली आहेत. कुठे घाई झालीय, कुठे पियानोशी जुळताना अडखळलंय, आणि तसंच राहिलंय.

हाच गाइसबर्ग त्याच वर्षी बोटीनं कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्यानं गौहर जानचं गाणं मेणावर उतरवलं. एप्रिलमध्ये कारुझो, नोव्हेंबरमध्ये गौहर जान, माणूस तोच आणि यंत्रही त्याच जातीचं. कारुझोची आणि आपल्या संगीताची तबकडीची कहाणी एकाच वर्षात, एकाच हातानं सुरू झालीय, हे वर्गात सांगताना मला अजून भरून येतं.

त्या कर्ण्याला ठरावीक पट्ट्यातलेच आवाज पकडता यायचे. खालचा घुमारा जायचा, अगदी वरचा झगझगाटही जायचा. व्हायोलिनचा आवाज इतका बारीक पडायचा की स्टुडिओत कर्णा बसवलेली खास व्हायोलिन वापरत. स्त्रियांचे उंच आवाज पुष्कळदा पातळ येत. टेनरचा आवाज मात्र नेमका मधल्या पट्ट्यात बसतो. त्यातून कारुझोचा मध्य भरलेला आणि स्वर न हलणारा. ज्याला लोक तोकडा टेनर म्हणत होते, त्याच भरदार मध्यानं त्याला यंत्राचा लाडका केला.

पुढचं झरझर सांगते, ते कुठेही वाचायला मिळेल. १४ मे १९०२ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला 'रिगोलेत्तो', सोबत गायिका नेली मेल्बा. २३ नोव्हेंबर १९०३ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पदार्पण, पुन्हा 'रिगोलेत्तो'च. त्या एका थिएटरात त्याचे ८००हून जास्त प्रयोग झाले. १९०६च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'कार्मेन' गाऊन झोपला आणि पहाटे भूकंपानं शहर कोसळलं. १० डिसेंबर १९१०ला पुच्चीनीच्या 'ला फान्चुल्ला देल वेस्त'चा पहिला प्रयोग त्याच्या गळ्यातून. शेवटच्या वर्षांत मेट्रोपॉलिटन त्याला एका प्रयोगाचे २,५०० डॉलर देत होतं आणि १९२०मध्ये हवानात रात्रीला १०,००० मिळाले. पैसा आला तसा तो वाटतही होता. फावल्या वेळात व्यंगचित्रं काढायचा, आणि ती खरोखर चांगली आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. 'लेलिझिर दामोरे'मधलं 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' त्यानं तीन वेळा मुद्रित केलंय, १९०२, १९०४ आणि १९११. हेडफोन लावून तिन्ही एका बैठकीत, याच क्रमानं ऐक. हे गाणं सुरूच होतं पांढरी चारला, म्हणजे बरोब्बर त्या उंबरठ्यावर. १९०२मध्ये 'ऊना' हा पहिला शब्द किती हलका टेकलाय बघ, तरुण पोरगा चोरून काहीतरी बघतोय तसा. शेवटाकडे तो स्वर इतका बारीक करतो की कर्ण्यात मावेनासा होतो. १९०४मध्ये तोच हलकेपणा आहे, पण श्वास लांबलाय. ओळीच्या शेवटी पूर्वी मोडायचा तिथं आता वळण घेऊन पुढे जातो. १९११ला मागे वाद्यवृंद आलाय आणि आवाज गडद झालाय. जणू दुसराच माणूस, छाती रुंद झालेला, दुःख बघितलेला. मधल्या काळात घरही मोडलं होतं. दोन मुलांची आई, गायिका आदा ज्याकेत्ती, १९०८मध्ये त्याला सोडून गेली होती. १९०९मध्ये मिलानला त्याच्या स्वररज्जूवरची गाठ काढायची शस्त्रक्रिया झाली होती. आवाज त्याआधीपासूनच जड व्हायला लागला होता, पण शस्त्रक्रियेनंतरच्या मुद्रिकांत ते लपत नाही.

तू रात्री कोणत्या कारुझोबरोबर गातोस ते मला न विचारता कळतं. १९११च्या, कदाचित त्याहून पुढच्या. बहुतेक सगळे तेच करतात, कारण तोच आवाज 'भारी' वाटतो. अरे, तो अडतीस वर्षांच्या माणसाचा आवाज आहे, सोळा वर्षं रंगमंचावर घासलेल्या, कारखान्यात वाढलेल्या शरीराचा. बावीस वर्षांच्या गळ्यात तो गडदपणा येत नाही. आणायला गेलं की जिभेचं मूळ मागे दाबलं जातं, स्वरयंत्र खाली रेटलं जातं, आणि स्वतःच्या कवटीत आवाज मोठा ऐकू येतो. समोरच्याला मात्र घशात अडकलेला ऐकू येतो. मग पांढरी सहा कशी लागेल? दार बाहेरून ढकलतोस आणि आतून कडी तूच लावलेली असते.

माझ्याकडे एक मुलगा असाच आला होता. उत्तम कान, हुबेहूब नक्कल. सगळ्यांनीच त्याच्या नकलेचं फार कौतुक केलं. मीही केलं, कारण तेव्हा मला पुरेसं कळत नव्हतं. वर्षभरात त्याचा घसा सकाळी उघडेनासा झाला. डॉक्टरांनी गाठी दाखवल्या. सहा महिने मौन आणि मग शून्यापासून सुरुवात. आज तो गातो, बरा गातो, पण ते हरवलेलं वर्ष माझ्या खाती आहे. म्हणूनच तुला हे इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

आणखी एक प्रसंग सांगते, त्यात त्याच्या आवाजाची घडण दिसते. २३ डिसेंबर १९१३, फिलाडेल्फियात 'ला बोएम' चालू होता. कोल्लीनेचं काम करणाऱ्या बास, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाच्या, गायकाचा घसा शेवटच्या अंकात बसला. कोल्लीने आपला जुना कोट गहाण ठेवायला निघतो, तेव्हाचं त्याचं छोटं गाणं खालच्या स्वरांत चालतं. ते त्याच्या जागी कारुझो गायला, प्रेक्षकांकडे पाठ वळवून. टेनरचं काम करता करता बासचं गाणं! पुढे त्यानं ते मुद्रितही केलं. ऐक ते. खाली जाताना तो आवाज कुठेही फुगवत नाही, 'बास झाल्याचं' नाटक करत नाही. आपल्याच आवाजानं खाली उतरतो. इतका भारदस्त गायकसुद्धा आवाज बनवत नाही, हे तुझ्या कानात बसायला हवं.

शेवटाचा भाग मला लिहायला जड जातो. १९२०च्या हिवाळ्यात त्याला खोकला आणि डाव्या कुशीत दुखणं लागलं होतं. ३ डिसेंबरला 'सॅमसन'च्या प्रयोगात कोसळणाऱ्या खांबाचा मार बसला. ११ डिसेंबरला ब्रुकलिनमध्ये 'लेलिझिर दामोरे' चालू असताना त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं. कोरसमधली माणसं एकामागून एक रुमाल पुढे करत होती, तो तोंड पुसून गात होता, आणि पत्नी डॉरोथी समोर बसून हे बघत होती. पहिला अंक त्यानं पुरा केला आणि मग प्रयोग थांबवला. लोक याला निष्ठा म्हणतात. मी शिक्षक म्हणून ते कधीच कौतुकानं सांगू शकलेली नाही. त्या आधीच्या आठवड्यातच कुणीतरी त्याला घरी पाठवायला हवं होतं. २४ डिसेंबरला मेट्रोपॉलिटनमध्ये 'ला ज्युईव्ह'मधला वृद्ध एलेआझार गायला, तो शेवटचा. फुप्फुसाच्या आवरणात पू झाला होता. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९२१च्या उन्हाळ्यात तो इटलीला परतला, सोरेन्तोला राहिला, आणि २ ऑगस्टला नेपल्सच्या हॉटेल व्हेसुव्हिओत गेला. वय अठ्ठेचाळीस. मुलगी ग्लोरिया दोन वर्षांचीही नव्हती.

तर आता तू काय करायचंस ते सांगते. पुढचे सहा महिने १९०६च्या पुढचा कारुझो लावायचा नाही. १९०२ आणि १९०४च्या मुद्रिका ऐकायच्या, पण त्याच्याबरोबर गायचं नाही. तो गातो तेव्हा तू गप्प, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. ऐकताना एकच गोष्ट टिपायची, तो श्वास कुठे घेतो. वहीत इटालियन शब्द लिहून घे आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीनं रेघ मार. आठवडाभरानं तेच शब्द तालात नुसते बोल, त्याच जागी श्वास घेऊन. मग गा, मूळ पट्टीपेक्षा दोन स्वर खाली. उंबरठ्यापाशी आवाज पातळ झाला तर होऊ दे, तुझ्या कानाला तो पोरकट वाटेल, वाटू दे. 'सेलेस्ते आयदा' या गाण्याला हात लावू नकोस. 'वेस्ती ला जुब्बा'लाही नाही, त्यातलं शिखर तुझ्याच त्या पांढरी सहावर आहे आणि रडण्याच्या भरात सगळे तिथं गळा आवळतात. घसा सकाळी जड वाटला, तर त्या दिवशी गायचं नाही, रविवारचा मिस्सा असला तरी. फादरना तसं सांग, ते समजून घेतील.

आणि ही वही तुझ्या शिक्षकांना दाखव. पेन्सिलीच्या रेघा चुकीच्या जागी असतील तर ते सांगतील.